‘क्लीनर’ नको, मासा घरी आणा!

टँकमधलं शेवाळ खायला मासा हवाय? मग दुकानदार हातात देईल तो सकर पिशवीत घालून निघू नका. बोटाएवढेच राहणारे, भन्नाट दिसणारे आणि खरंच शेवाळ खाणारे मासे आहेत. फक्त त्यांच्या अटी आधी वाचून घ्या.

पहिला फिशटँक घेतल्यावर साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काय होतं, हे ज्यांच्या घरी टँक आहे त्यांना सांगायला नको. काचेवर तपकिरी धुळीसारखा थर बसतो. मग कोपऱ्यात हिरवे ठिपके. मग झाडांच्या पानांवर केसांसारखे धागे. इन्स्टावर बघून हौसेने सजवलेला टँक गावाकडच्या जुन्या विहिरीसारखा दिसायला लागतो. घरचे म्हणतात, ‘तरी सांगत होतो.’ आपण तडक दुकानात जातो आणि दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं, ‘एक सकर टाका ना. टँक आपोआप साफ राहतो.’

दोन इंचांचा, ठिपक्याठिपक्यांचा, काचेला तोंड चिकटवून बसणारा तो मासा. स्वस्त आहे, दिसायला जरा विचित्र आहे, काम करेल असं वाटतं. आणला घरी. विषय संपला?

नाही, तिथून तो सुरू होतो.

सकरचं पुढे काय होतं?

ज्याला आपण सकर किंवा क्लीनर फिश म्हणतो तो दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला एक कॅटफिश. हॉबीवाले त्याला प्लेको म्हणतात आणि दुकानात सर्रास मिळणारे सकर टेरिगोप्लिक्थिस या गटातले असतात. दुकानात दिसतं ते त्याचं पिल्लू. काही वर्षांत तो फूटभर होतो, पुढे दीड फुटापर्यंतही जातो आणि दहा-पंधरा वर्षं आरामात जगतो. आपला टँक असतो दोन फूट लांब आणि एक फूट रुंद. म्हणजे मोठ्या झालेल्या सकरला त्यात धड वळताही येत नाही. एफवायला असताना आणलेला सकर तुमची डिग्री, पहिली नोकरी आणि कदाचित लग्नसुद्धा बघणार आहे, हे दुकानात कोणी सांगत नाही.

वर तो मोठा होतो तसं त्याचं शेवाळावरचं प्रेमही कमी होतं. बाकीच्या माशांसाठी टाकलेलं आयतं खाणं त्याला जास्त आवडतं. आणि खातो त्या हिशेबाने घाणही करतो. टँक साफ ठेवायला आणलेल्या माशामुळेच टँक घाण व्हायला लागतो.

मग एक दिवस घरात ठरतं, ‘याला नदीत सोडून देऊ. बिचारा मोकळा होईल.’ हेतू चांगला असतो, जीवदान दिल्याचं समाधानही मिळतं. पण नदीसाठी ती वाईट बातमी असते. सकरच्या अंगावर हाडांच्या तकटांचं चिलखत असतं, त्यामुळे त्याला खाणारं इथे फारसं कोणी नाही. पाण्यात ऑक्सिजन कमी झाला तर तो वर येऊन हवा गिळतो, म्हणून गढूळ, घाण पाण्यातही टिकतो. काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो, त्याने काठ ढासळतात. काटेरी परांमुळे मच्छीमारांची जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. केरळ, तामिळनाडू, आंध्र प्रदेश, बिहार, पूर्व कोलकात्याची पाणथळ जागा अशा कितीतरी ठिकाणी तो पसरलाय. आपल्याकडे उजनीच्या जलाशयातल्या मच्छीमारांनीही त्याच्या नावाने बोटं मोडली आहेत. हा मासा ॲमेझॉनहून पोहत आलेला नाही. तो माणसाच्या हातातून, पिशवीतून आणि बादलीतून नद्या-तळ्यांत पोहोचलाय.

म्हणजे शेवाळ खाणारा मासा पाळायचाच नाही का? पाळायचा की! पण ‘काम करणारा’ म्हणून निवडला की आपण त्याच्याबद्दल काहीच विचारत नाही. केवढा होतो, काय खातो, किती जणांत राहतो, कुठून येतो, काही नाही. झाडू विकत घेताना कोणी त्याची आवडनिवड विचारतं का? सगळी गडबड तिथेच आहे.

आधी शेवाळाचं बघू

शेवाळाला दोनच गोष्टी लागतात, उजेड आणि खत. उजेड म्हणजे खिडकीतून थेट येणारं ऊन, किंवा रात्री दोनपर्यंत अभ्यासाच्या नावाखाली सुरू ठेवलेला टँकचा लाइट. खत म्हणजे जास्त टाकलेलं खाणं आणि माशांची शी. टँकमधले जिवाणू त्या घाणीतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट हे वनस्पतीचं खत. शेतात घालतो तेच, फक्त इथे पीक शेवाळाचं येतं.

आता यात मासा आणून सोडला की काय होतं? तो शेवाळ खातो आणि शी करतो. त्या शीचं परत खत होतं. म्हणजे शेवाळ माशाच्या पोटातून जातं, टँकमधून बाहेर जात नाही. बाहेर काढायचं काम आपलंच. दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलणं, लाइट दिवसाला सहा ते आठ तासच ठेवणं (टायमर लावला की डोक्याला ताप नाही), टँक खिडकीसमोरून हलवणं आणि दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं टाकणं. हे चार नियम पाळले तरी निम्मं शेवाळ गायब होतं. उरलेल्या निम्म्यासाठी मासा.

दुसरं म्हणजे, शेवाळ हे एकच प्रकरण नाही. तुमच्या टँकमध्ये कुठलं आहे ते ओळखा.

नव्या टँकमधला तपकिरी, बोटाने सहज पुसला जाणारा थर म्हणजे डायटम. छोट्या माशांना हा फार आवडतो. टँक जुना झाला की बऱ्याचदा तो आपोआपही कमी होतो.

काचेवरचे कडक हिरवे ठिपके कुठलाही छोटा मासा नीट काढू शकत नाही. जुनं एटीएम कार्ड घ्या आणि खरवडा. पत्र्याचं नाही, काचेचं टँक असेल तरच. ॲक्रिलिकवर चरे पडतात.

केसांसारखे लांब हिरवे धागे खाणारे मासे मोजके आहेत. त्यांच्याबद्दल पुढे येतंय.

पाणीच हिरवंगार झालं असेल तर तो तरंगणाऱ्या शेवाळाचा प्रकार. त्याला मासा हा उपाय नाही, उजेड कमी करणं हा आहे. आणि निळसर हिरवा, वास मारणारा, सालीसारखा सोलून निघणारा थर हे मुळात शेवाळच नाही, ते सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू आहेत. त्याला कोणी तोंड लावत नाही.

एवढं झालं की मग खरी मजा, मासे निवडायची.

ओटो : छोटा पॅकेट, नाजूक मामला

रिक्षावाला ऑटो वेगळा. हा ओटो म्हणजे ओटोसिंक्लस. सकरचाच दूरचा नातेवाईक, तोही दक्षिण अमेरिकेतला, पण पूर्ण वाढ झाल्यावर फक्त चार-पाच सेंटीमीटरचा. तुमच्या करंगळीपेक्षा लहान. अंगावर एक काळी पट्टी, डोळे मोठे आणि तोंड कायम कशाला तरी चिकटलेलं. झाडांच्या नाजूक पानांवरचा डायटम पान न फाडता खाऊन टाकतो. त्याच गटातला झेब्रा ओटो तर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमुळे इतका देखणा दिसतो की शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये त्याला वेगळी प्रजाती म्हणून नाव दिलं, त्याआधीच हॉबीवाल्यांची नजर त्याच्यावर पडली असेल, असं वाटावं.

छोट्या, झाडांनी भरलेल्या टँकसाठी ओटोसारखा मासा नाही. पण नव्या माणसाच्या हातून सर्वांत जास्त मरतो तोही ओटोच. कारण साधं आहे, उपासमार. बाजारात येणारे बहुतेक ओटो नदीतून पकडलेले असतात. पकडल्यापासून तुमच्या गावातल्या दुकानात येईपर्यंत त्यांना पोटभर खायला मिळालेलं नसतं. आणि आपण त्यांना कुठे सोडतो? चकचकीत घासलेल्या, दहा दिवसांपूर्वी पाणी भरलेल्या टँकमध्ये. तिथे शेवाळ नाही, फ्लेक्स खायची त्यांना सवय नाही. आठवड्याभरात खेळ खलास. आपण म्हणतो, ‘मासा नाजूक होता.’ तो उपाशी होता.

म्हणून ओटोसाठी तीन अटी. एक, टँक किमान दोन-तीन महिने जुना हवा, दगड-लाकडावर बोट फिरवल्यावर बुळबुळीत थर लागला पाहिजे. दोन, एकटा आणायचा नाही, पाच-सहा जणांची गँग आणायची. नदीत ते घोळक्याने राहतात, एकटा पडला की दबून बसतो. तीन, दुकानात तो काचेला चिकटलेला असताना त्याचं पोट बघायचं. पोट भरलेलं, गोलसर दिसलं तर ठीक. आत गेलेलं, खपाटीला लागलेलं दिसलं तर तो ओटो कितीही स्वस्त असला तरी नको. दुकानात नुकतेच आलेले असतील तर दोन आठवडे थांबा. त्यात जे तगले ते घ्या.

निऑन गोबी : मोरपंखी पाहुणा

‘काहीतरी वेगळं हवं’ म्हणणाऱ्यांसाठी हा मासा. स्टिफोडॉन हे त्याचं खरं नाव. चार-पाच सेंटीमीटरचा, लांबुळका, दगडावर पोट टेकवून बसणारा. नराच्या अंगावर उजेड पडला की निळा-हिरवा मोरपंखी रंग चमकतो. मादी फिकट, काळ्या आडव्या पट्ट्यांची. दिवसभर दगडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तोंडाने खरवडत जाणं हा त्यांचा उद्योग. मधूनच दोन नर पर उभारून एकमेकांसमोर शायनिंग मारतात. खरी मारामारी फारशी होत नाही.

या माशाची जन्मकथा सॉलिड आहे. श्रीलंकेपासून आग्नेय आशिया आणि पॅसिफिकच्या बेटांपर्यंत, समुद्राजवळच्या वाहत्या ओढ्यांमध्ये तो राहतो. दगडाखाली अंडी घालतो. पिल्लं बाहेर आली की प्रवाहाबरोबर थेट समुद्रात जातात, तिथे वाढतात आणि काही महिन्यांनी परत गोड्या पाण्यात चढून येतात. आता हे सगळं घरच्या टँकमध्ये कसं घडवणार? म्हणून दुकानातला जवळपास प्रत्येक स्टिफोडॉन ओढ्यातून पकडलेला असतो. त्याच्यामागे एवढा प्रवास आहे, हे लक्षात ठेवून तो आणा.

त्याला ओटोसारखाच जुना, थर साचलेला टँक लागतो. भरपूर गुळगुळीत गोटे, पाण्याला बऱ्यापैकी हालचाल. आणि टँकला झाकण हवंच. रात्री तो काचेवर चढतो आणि फटीतून बाहेर येतो. सकाळी टेबलामागे सुकलेला मासा सापडणं ही फार वाईट सुरुवात आहे दिवसाची. प्लस पॉइंट म्हणजे त्याला २७-२८ अंशांचं पाणी चालतं, त्यामुळे मुंबई-कोकणाच्या हवेत तो पुढच्या पाहुण्यापेक्षा बरा रमतो.

हिलस्ट्रीम लोच : डोंगरातला स्केटबोर्ड

फोटो पाहिला की पहिला प्रश्न येतो, ‘हा मासा आहे?’ वरून चपटा, पर दोन्ही बाजूंना पंख्यासारखे पसरलेले, अंगावर जाळीदार नक्षी. व्हिएतनामचा सेवेलिया लिनिओलाटा हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. साधारण सहा सेंटीमीटरचा. त्याच्या पोटाकडचे पर एकमेकांना जोडलेले असतात आणि सगळं अंगच एक सक्शन कप बनतं. धो धो वाहणाऱ्या पाण्यातही तो खडकाला धरून राहतो.

असे मासे फक्त परदेशात आहेत असं नाही. याच घराण्यातली बॅलिटोरा लॅटिकॉडा ही प्रजाती आपल्या कृष्णा खोऱ्यातली. शास्त्रज्ञांनी तिची नोंद केली २०१२ मध्ये. म्हणजे सह्याद्रीत ट्रेकला जाताना आपण ज्या ओढ्यात पाय बुडवून बसतो, तसल्या पाण्यात अजूनही नवे मासे सापडतायत.

पण सेवेलिया घरी आणायच्या आधी थर्मामीटर आणा. त्याला साधारण २० ते २४ अंशांचं थंड, जोरात वाहतं, ऑक्सिजनने भरलेलं पाणी लागतं. एप्रिल-मेमध्ये मुंबईतल्या किंवा नागपुरातल्या खोलीत टँकचं पाणी ३० अंशांच्या वर सहज जातं. पाणी तापलं की त्यात विरघळणारा ऑक्सिजन कमी होतो, म्हणजे ज्याला जास्त हवा त्यालाच कमी मिळतो. टँकवर पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश खाली येतात, पण हवा दमट असेल तर तेवढाही फरक पडत नाही. चिलर टँकपेक्षा महाग. त्यामुळे तुमच्याकडे उन्हाळ्यात पाणी थंड ठेवायची सोय नसेल, तर हा मासा व्हिडिओतच बघा. खरंच.

नावावर जाऊ नका

‘अल्गी ईटर’ अशी पाटी लावून दुकानात बरंच काही विकलं जातं. त्यातली ही काही मंडळी ओळखून ठेवा.

*गोल्डन किंवा चायनीज अल्गी ईटर :* लहानपणी गोड, सोनेरी, कामसू. मोठेपणी दहा इंचांपर्यंत जातो आणि भांडकुदळ होतो. दुसऱ्या चपट्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांच्या अंगावरचा चिकट थर खातो. छोट्या टँकसाठी साफ नको.

*सायामीज अल्गी ईटर :* काळं, दाढीसारखं चिवट शेवाळ खाणाऱ्या मोजक्या माशांपैकी एक. ओळखायचा कसा? अंगावरची काळी पट्टी थेट शेपटीच्या टोकापर्यंत गेलेली असते. शेपटीच्या मुळाशीच थांबली तर तो दुसराच कोणी. मासा चांगला आहे, पण पाच-सहा इंचांचा होतो आणि त्याला पळायला जागा लागते. तीन-चार फुटांचा टँक असेल तरच.

*पांडा गारा :* म्यानमारच्या राखाइन भागातला. काळ्या-पिवळ्या पट्ट्या, तांबूस पर. अडीच-तीन इंचांचा, दिवसभर उचापती. चारपाच जणांत ठेवला की आपसात दंगा करतो, एकटा ठेवला की इतरांना छळतो. शांत, लांब परांच्या माशांबरोबर नको.

*फ्लॅगफिश :* फ्लोरिडाचा. नराच्या अंगावर लाल रेघा आणि खांद्याजवळ एक गडद ठिपका, अमेरिकेच्या झेंड्यासारखा. दोन-अडीच इंचांचा आणि केसाळ शेवाळ आवडीने खाणारा. जरा तापट आहे, आपल्याकडे सहज मिळत नाही. मिळाला तर मात्र वेगळाच दागिना.

*ब्रिसलनोज :* प्लेकोच हवाय, त्याचं ते डायनासोरसारखं रूपच आवडतं, असं असेल तर हा घ्या. चार-पाच इंचांवर थांबतो. नराच्या नाकावर मिशांसारखे फाटे फुटतात. गुहेत अंडी घातली की बाप राखण करतो. टँकमध्ये पैदास होते, त्यामुळे नदीवर भार नाही. अडीच-तीन फुटांचा टँक आणि चघळायला लाकडाचा एक तुकडा एवढी त्याची मागणी.

आपल्या नदीतला मळ्या

आता थोडं घरचं. १८३९ मध्ये कर्नल विल्यम सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांमधल्या माशांची यादी प्रसिद्ध केली. मजा म्हणजे कित्येक माशांना शास्त्रीय नाव देताना त्याने स्थानिक मराठी नावंच वापरली. खुदरी, कोळस ही नावं त्यामुळे आज जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत आहेत. त्यातलंच एक नाव ‘मुल्या’, म्हणजे आपला मळ्या. आज त्याला गारा मुल्या म्हणतात, वरच्या पांडा गाराचा सख्खा चुलतभाऊ. हनुवटीखाली असलेल्या चकतीने तो खडकाला धरून राहतो आणि दगडावरचं शेवाळ चाटतो.

‘मग तोच पकडून आणू की!’ असं वाटलं असेल तर जरा थांबा. मळ्या वीतभर होतो, म्हणजे दोन फुटी टँकमध्ये त्याचंही सकरसारखंच होणार. दुसरं, ओढ्यातलं शेवाळ खाणारा मासा हा त्या ओढ्याच्या घरगाड्याचा भाग आहे. आणि तिसरं, एखाद्या माशाची फॅशन आली की काय होतं ते केरळात दिसलंय. लाल पट्टीचा ‘मिस केरळ’ हा पश्चिम घाटातला देखणा मासा. जगभरातल्या हॉबीवाल्यांना तो आवडला आणि नद्यांमधून त्याची प्रचंड उचल झाली. आज तो धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. आता त्याची फार्ममध्येही पैदास होते, म्हणून घ्यायचाच तर तसाच घ्यावा. मळ्याला मात्र पाण्यात उतरून, डोळ्यांनी बघा. पावसाळा संपल्यावर ओढे नितळ झाले की उथळ पाण्यात पाच मिनिटं गप्प बसा. बहुतेक वेळा काहीतरी हलतंच.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

क्रॉफर्ड मार्केट असो, कुर्ला असो की तुमच्या गल्लीतलं दुकान. पिशवीत मासा पडायच्या आधी हे विचारा.

१. पूर्ण वाढल्यावर केवढा होतो? ‘टँकच्या साइजनुसार वाढतो’ असं उत्तर आलं तर हसून दुसऱ्या दुकानात जा. मासा टँक बघून वाढत नाही. छोट्या टँकमध्ये तो खुरटतो आणि लवकर मरतो.

२. दुकानात येऊन किती दिवस झाले? काल आला असेल तर आज नको.

३. इथे काय खातो? शक्य असेल तर समोर खायला घालून दाखवायला सांगा.

४. एकटा राहतो की घोळक्यात? सहा लागत असतील तर बजेट आणि जागा सहाची हवी.

५. फार्मचा की नदीतला? दुकानदाराला माहीत नसेल तरी विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्याला उत्तर मिळतं.

सहावा प्रश्न स्वतःला विचारायचा : दिवाळीच्या सुट्टीत रूम रिकामी होईल तेव्हा याच्याकडे कोण बघणार? हॉस्टेलवर किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी याचं उत्तर आधी शोधा. दोन-तीन दिवसांचा प्रश्न नसतो, तीन आठवड्यांचा असतो.

घरी आणल्यावर

पिशवी फाडून मासा थेट पाण्यात सोडू नका. पिशवी वीस मिनिटं टँकमध्ये तरंगू द्या, म्हणजे तापमान जुळतं. मग दर पाच मिनिटांनी टँकचं थोडं थोडं पाणी पिशवीत घाला. ओटो आणि गोबीसाठी यात तासभर गेला तरी चालेल. मासा जाळीने उचलून टँकमध्ये घ्या, पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. नळाचं पाणी वापरत असाल तर त्यातलं क्लोरीन काढणारं औषध टाकायला विसरू नका.

दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमध्ये कागदावर ५६ लिटर पाणी बसतं. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा धरली तर प्रत्यक्षात ४५-५०. एवढ्यात सहा ओटो आणि रासबोरासारख्या छोट्या, शांत माशांचा एक घोळका एवढं पुष्कळ झालं. किंवा ओटोंऐवजी एक नर आणि दोन माद्या असे तीन स्टिफोडॉन. दोन्ही गँग एकत्र नकोत, खाणं एकच आहे. गोल बाउलमध्ये यातलं कोणीच नको.

शेवाळ संपल्यावर काय खाणार? हा प्रश्न फार कमी जण विचारतात. दुधी किंवा काकडीची चकती दोन मिनिटं उकळत्या पाण्यात काढा, गार करा आणि काट्याला टोचून संध्याकाळी टँकमध्ये सोडा. सकाळी उरलेली काढून टाका, नाहीतर पाणी कुजतं. पालकाचं पानही चालतं. ओटोंना याची चव कळायला आठवडा लागतो, धीर धरा. अजून एक जुगाड : काचेच्या बरणीत टँकचं काढलेलं पाणी आणि चार-पाच गोटे घालून ती बाल्कनीतल्या उन्हात ठेवा. आठ-दहा दिवसांत गोट्यांवर हिरवा थर येतो. ते गोटे टँकमध्ये, टँकमधले चाटून साफ केलेले बरणीत. डासांची अंडी होऊ नयेत म्हणून बरणीवर जाळीचं कापड बांधा. काल ज्या शेवाळाला शिव्या घालत होतो, आज त्याचीच शेती.

आणि काच अगदी आरशासारखी लख्ख करायचा हट्ट सोडा. समोरची बाजू पुसा, मागची आणि बाजूची तशीच ठेवा. ते यांचं जेवणाचं ताट आहे.

ज्यांच्या घरी आधीच वाढलेला सकर आहे, त्यांनी काय करायचं? मोठा टँक असलेल्या हॉबीवाल्याला द्या. शहरातल्या ॲक्वेरियमवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, दुकानदाराला परत घ्यायला सांगा, कॉलेजच्या झूलॉजी डिपार्टमेंटला मोठा टँक आहे का ते विचारा. थोडी फिराफिर होईल. पण तळ्यात, नदीत, विहिरीत, विसर्जनाच्या घाटावर, कुठेही सोडू नका. एवढं एक जरी केलंत, तरी उजनीतल्या कोणाची तरी जाळी वाचेल.